आकडा कुणी भरला?

पक्षाघाताचा झटका येऊन गेलेल्या किंवा खुब्याचं हाड मोडलेल्या वयस्क माणसाला रुग्णालय काही दिवसांत ‘आता घरी न्या’ म्हणतं, तेव्हा घरच्यांची खरी परीक्षा सुरू होते. जिवावरचं संकट टळलेलं असतं, पण माणसाला स्वतःच्या पायांवर उभं राहता येत नसतं. नाकातल्या नळीतून आहार, युरिन बॅग, रात्रंदिवस कूस बदलणं, रोजचा व्यायाम. दोन खोल्यांच्या घरात, नोकऱ्या सांभाळून, हे सगळ्यांना जमत नाही. मग कुणीतरी एखाद्या रिहॅब सेंटरचं किंवा केअर सेंटरचं नाव सुचवतं आणि एका संध्याकाळीच निर्णय घ्यावा लागतो. मुलगी न्यू जर्सीत असेल तर ती व्हिडिओ कॉलवरून खोली बघते. स्वागतकक्ष, बाग, खाटा, महिन्याचा दर आणि डिपॉझिट एवढ्यावर गोष्ट ठरते. पेशंटला कूस कोण बदलून देणार, पाणी कोण पाजणार, हे त्यात कुठंच दिसत नाही.

काळजीची प्रत मोजता येते का, या प्रश्नाचा दीर्घ सरकारी पाठपुरावा अमेरिकेत झाला आहे. तिथं सुमारे पंधरा हजार नर्सिंग होम आहेत आणि कोणत्याही दिवशी त्यांत बारा लाखांच्या आसपास माणसं राहत असतात. आपल्याकडं गल्लीतल्या छोट्या खासगी रुग्णालयाला हे नाव आहे. तिथं मात्र एकाच इमारतीत दोन प्रकारची माणसं असतात: शस्त्रक्रियेनंतर किंवा झटक्यानंतर काही आठवडे व्यायामासाठी आलेली, आणि आता इथंच राहणार असलेली. खर्चाचा मोठा वाटा १९६५ मध्ये सुरू झालेल्या मेडिकेअर आणि मेडिकेड या सरकारी योजना उचलतात. सरकारी पैसा जातो म्हणून हिशेब मागितला गेला आणि हिशेब मागितला म्हणून मोजमापं तयार झाली. त्या मोजमापांचा इतिहास वाचताना पुन्हा पुन्हा एकाच प्रश्नाशी यावं लागतं: समोर ठेवलेला आकडा कुणी भरला? माझ्या मते आई-वडिलांसाठी जागा शोधणाऱ्या प्रत्येकानं हा प्रश्न बरोबर घेऊनच दारातून आत जावं.

या विषयाचा पाया १९६६ साली घातला गेला. बैरुतमध्ये जन्मलेले आणि मिशिगन विद्यापीठात शिकवणारे डॉ. अवेडिस डोनाबेडियन यांनी त्या वर्षी वैद्यकीय सेवेची गुणवत्ता कशी पारखावी यावर एक निबंध लिहिला. गुणवत्ता तीन ठिकाणी शोधा, असं त्यांनी सांगितलं: रचनेत, प्रक्रियेत आणि परिणामात. पाठीला होणाऱ्या जखमेचं, म्हणजे बेडसोरचं उदाहरण घेतलं तर हे लगेच कळतं. वॉर्डात किती मावश्या आहेत, हवेच्या गाद्या आहेत का, ही रचना. पेशंटला खरोखर दर दोन-तीन तासांनी कुशीवर वळवलं का, ही प्रक्रिया. जखम झाली की नाही, हा परिणाम. परिणाम बघितला की बाकी बघायला नको, असं वाटू शकतं. पण ज्या ठिकाणी जास्त आजारी, जास्त अशक्त माणसं घेतली जातात तिथं जखमा जास्त दिसणारच. अवघड पेशंट दारातूनच परत पाठवणारी संस्था अशा वेळी कागदावर उजळ दिसते. म्हणून तिन्ही गोष्टी एकत्र बघाव्या लागतात.

अमेरिकेत सत्तरच्या दशकात नर्सिंग होममधल्या हालअपेष्टांच्या बातम्या एकामागून एक बाहेर आल्या. तरी तपासनीस मुख्यतः इमारत आणि कागदपत्रंच बघत राहिले. १९८६ मध्ये तिथल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’नं अहवाल देऊन सांगितलं की तपासणी माणसांची करा, त्यांच्याशी बोला, त्यांच्याकडं बघा. पुढच्याच वर्षी, १९८७ मध्ये, कायदा झाला. दाखल होणाऱ्या प्रत्येकाची ठरावीक नमुन्यात संपूर्ण तपासणी करायची आणि ती ठरावीक काळानं पुन्हा करायची: चालणं, गिळणं, स्मरणशक्ती, लघवीवरचा ताबा, त्वचा, वजन, मनाची अवस्था. मदतनिसांना किमान ७५ तासांचं प्रशिक्षण. न कळवता होणारी सरकारी तपासणी, दोन तपासण्यांत जास्तीत जास्त पंधरा महिन्यांचं अंतर.

या कायद्यानं केलेला एक बदल मला सगळ्यांत मोठा वाटतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तिथं सुमारे ४० टक्के माणसं दिवसाचा काही ना काही वेळ खुर्चीला किंवा खाटेला बांधलेली असत. पडू नयेत म्हणून, नळी ओढू नये म्हणून. कायद्यानं सांगितलं की कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी कुणालाही बांधायचं नाही. आज हे प्रमाण एक टक्क्याच्याही खाली आहे. बांधलेल्या माणसाचे स्नायू आठवड्याभरात उतरतात, त्याला जखमा होतात, तो घाबरतो आणि आणखी धडपडतो. पट्टे सोडल्यावर गंभीर दुखापती वाढल्या नाहीत, हेही नंतर दिसून आलं. आपल्याकडं हात पट्टीनं खाटेच्या कठड्याला बांधलेले पेशंट अजूनही दिसतात आणि नातेवाईक ते उपचाराचा भाग समजून गप्प बसतात. गप्प बसू नये. कुणी सांगितलं, किती वेळासाठी, दुसरं काय करून पाहिलं, हे विचारायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.

डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकी सरकारनं सगळ्या नर्सिंग होमना तारे द्यायला सुरुवात केली. एक तारा सर्वांत खाली, पाच सर्वांत वर. तारे तीन गोष्टींवर ठरत: सरकारी तपासणीत काय सापडलं, कर्मचारी किती आहेत, आणि जखमा, पडणं, मूत्रमार्गाचा संसर्ग यांसारख्या गोष्टींचं प्रमाण किती. तपासणीचे तारे त्या त्या राज्यातल्या तुलनेवर ठरतात. राज्यातल्या सर्वांत वरच्या १० टक्क्यांना पाच तारे, सर्वांत खालच्या २० टक्क्यांना एक, बाकीचे मधे. म्हणजे राज्यातली सगळीच ठिकाणं सुमार असली तरी काहींना पाच तारे मिळणारच.

अडचण आणखी खोल होती. तीनपैकी तपासणीच फक्त बाहेरचा माणूस करत होता. कर्मचाऱ्यांची संख्या आणि पेशंटच्या प्रकृतीचे आकडे संस्था स्वतःच भरून देत. २०१४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं हे सविस्तर मांडलं: बाहेरच्या तपासणीत मागं असलेली ठिकाणं स्वतः भरलेल्या आकड्यांच्या जोरावर वर चढत होती. त्यानंतर नियम बदलला. २०१६ पासून प्रत्येक दिवसाची हजेरी पगारपत्रकाच्या नोंदींवरून मागवायला सुरुवात झाली आणि २०१८ पासून तारे त्यावर ठरू लागले. पगारपत्रकात खोटं लिहिणं अवघड, कारण तिथं खरा पैसा हलतो.

या नव्या नोंदींचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. शनिवार-रविवारी कर्मचाऱ्यांची संख्या ठळकपणे घसरत होती. आणि वार्षिक तपासणीच्या सुमारास ती वाढलेली होती, तपासणी झाली की पुन्हा खाली. तपासणी न कळवता होत असली तरी ती साधारण कधी येणार याचा अंदाज संस्थांना असतो. आता अमेरिकेत शनिवार-रविवारची हजेरी वेगळी प्रसिद्ध होते. आपण मात्र नवी जागा बघायला वेळ घेऊन, सकाळी अकराला जातो, जेव्हा डॉक्टर राउंडवर असतात, खोल्या पुसून झालेल्या असतात आणि सगळ्यांना अंघोळी घातलेल्या असतात. जायचं तर रविवारी संध्याकाळी सात वाजता जावं. रात्रीचं जेवण भरवायची वेळ असते, दिवसपाळी संपत आलेली असते. किती ताटं झाकून ठेवलेली आहेत, किती जणांना कुणी तरी शेजारी बसून भरवतंय, हे तेव्हा दिसतं.

किती माणसं पुरेशी? यावर अमेरिकेत पंचवीस वर्षं वाद चालू आहे. २००१ मध्ये सरकारसाठी झालेल्या एका अभ्यासात दीर्घकाळ राहणाऱ्या माणसामागं दिवसाला परिचर्येचे साधारण ४.१ तास हा आकडा निघाला. त्याखाली गेलं की प्रकृतीवर परिणाम दिसू लागतो. २०२४ मध्ये सरकारनं किमान ३.४८ तासांचा नियम केला, त्यातले २.४५ तास मदतनिसांचे. संस्थाचालकांनी माणसं मिळत नाहीत म्हणून विरोध केला आणि २०२५ मध्ये टेक्सासमधल्या न्यायालयानं तो नियम रद्द ठरवला. नियम गेला, तरी गणित उपयोगी आहे. तीस पेशंटच्या ठिकाणी दिवसाला ३.४८ प्रमाणे सुमारे १०४ तास होतात. आपल्याकडच्या बारा तासांच्या ड्युटीनं भागलं तर दिवस-रात्र मिळून जवळपास नऊ माणसं, फक्त पेशंटच्या सेवेला. स्वयंपाकी, सफाईवाले, वॉचमन त्यात धरायचे नाहीत. सेंटरमध्ये ‘आमच्याकडं भरपूर स्टाफ आहे’ असं उत्तर मिळालं तर शांतपणे पुढचं विचारावं: आज रात्री या मजल्यावर किती मावश्या, किती ब्रदर, आणि किती पेशंट? त्यात नोंदणीकृत सिस्टर किती? आकडा लगेच सांगता आला नाही, तर तेही एक उत्तरच आहे.

माणसं किती याइतकंच ती किती दिवस टिकतात हे महत्त्वाचं. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात परिचर्या करणाऱ्यांच्या वार्षिक गळतीचा मध्यक ९४ टक्के निघाला. म्हणजे निम्म्या ठिकाणी वर्षभरात सोडून जाणाऱ्यांची संख्या एकूण माणसांच्या जवळपास किंवा त्याहूनही जास्त होती. बोलता न येणाऱ्या आजोबांना उजव्या कुशीवर दुखतं, आजींना चहा घट्ट करून दिला नाही तर ठसका लागतो, हे नव्या माणसाला कुठून कळणार? आपल्याकडं बरीच माणसं ब्युरोकडून येतात आणि ब्युरो बदलला की चेहरे बदलतात. म्हणून मालकापेक्षा मावशींशी बोलावं. ‘मावशी, तुम्ही इथं किती दिवस आहात?’ हा साधा प्रश्न चार जणींना विचारला की संस्थेचं बरंच काही कळतं. त्यांना पगार वेळेवर मिळतो का, रात्रपाळीनंतर सुट्टी मिळते का, हे कळलं तर आणखी बरं. थकलेल्या बाईकडून मायेनं कुणाची कूस बदलून होत नाही.

आकडा भरणाऱ्याच्या हातात काय ताकद असते, याचं सर्वांत वेदनादायक उदाहरण औषधांचं आहे. स्मृतिभ्रंश झालेला माणूस रात्री उठतो, ओरडतो, फिरतो. त्याला मनोविकारावरचं झोपेसारखी गुंगी आणणारं औषध दिलं की वॉर्ड शांत होतो. २००५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या गटातल्या नव्या औषधांवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला, कारण स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये त्यांच्यामुळं मृत्यूचं प्रमाण वाढतं. २००८ मध्ये हाच इशारा जुन्या औषधांवरही आला. पुढं सरकार या औषधांचं प्रमाण प्रसिद्ध करू लागलं आणि २०११ मध्ये २४ टक्क्यांच्या आसपास असलेला आकडा उतरत १५ टक्क्यांच्या जवळ आला. पण या मोजणीतून स्किझोफ्रेनियाचे रुग्ण वगळलेले होते, कारण त्यांना ही औषधं खरोखर लागतात. मग ऐंशीच्या घरातल्या माणसांच्या फायलींवर स्किझोफ्रेनिया लिहिला जाऊ लागला. हा आजार बहुतेक वेळा तरुणपणी सुरू होतो. २०२१ मध्ये वृत्तपत्रांनी हे उघड केलं आणि २०२३ पासून सरकारनं या निदानांची वेगळी तपासणी सुरू केली. आपल्या घरच्या माणसाच्या बाबतीत एवढं करता येतं: औषधांची यादी दर महिन्याला फोटो काढून ठेवावी आणि नवं नाव दिसलं की ते कशासाठी, हे डॉक्टरांनाच विचारावं. भेटायला गेलं की माणूस दर वेळी झोपलेलाच असेल, तर ‘शांत झालेत आता’ या वाक्यावर समाधान मानू नये.

पुनर्वसनाच्या बाबतीतही असंच घडलं. पूर्वी मेडिकेअर व्यायामाच्या मिनिटांवर पैसे देत असे. आठवड्याला ७२० मिनिटं झाली की सर्वांत वरचा दर. बघता बघता असंख्य पेशंटची मिनिटं ७२० च्या किंचित पुढं येऊन थांबू लागली. नव्वदीच्या थकलेल्या बाईलाही तेवढीच मिनिटं आणि साठीच्या दणकट माणसालाही तेवढीच. ऑक्टोबर २०१९ मध्ये पद्धत बदलून पेशंटच्या प्रकृतीवर दर ठरू लागला आणि लगेच अनेक ठिकाणी थेरपिस्टच कमी केले गेले.

म्हणून फिजिओथेरपी दिवसातून किती वेळा, याच्या पुढं जाऊन विचारावं लागतं. येताना पेशंटला काय येत होतं आणि आज काय येतंय? त्यासाठी १९६५ पासून वापरात असलेलं बार्थेल मापन सोपं आहे. जेवणं, अंघोळ, कपडे घालणं, खाटेवरून खुर्चीत बसणं, संडासला जाणं, जिने चढणं अशा दहा गोष्टी, शून्यापासून शंभरपर्यंत गुण. दाखल केल्या दिवशी किती, आणि दर आठवड्याला किती, हे मागून घ्यावं. अमुक गुणांवर अडकलं तर का अडकलं, पुढचं उद्दिष्ट काय, हे थेरपिस्टला सांगता आलं पाहिजे. झटक्यानंतरची सुधारणा मुख्यतः पहिल्या काही महिन्यांत होते, त्यामुळं वाया गेलेला महिना नंतर भरून निघणं कठीण.

आणि व्यायाम तासाभराचा असतो, दिवस चोवीस तासांचा. उरलेल्या तेवीस तासांत काय होतं यावर माणूस उभा राहणार की नाही हे ठरतं. दुपारचं जेवण खुर्चीत बसवून देतात की खाटेवरच? दिवसा स्वतःचे कपडे असतात की दिवसभर गाऊन? ‘लागली आहे’ म्हटल्यावर धरून संडासला नेतात की ‘डायपर आहे, त्यातच करा’ म्हणतात? ज्याला अजून कळतं त्याला असं सांगणं हा त्याचा अपमान आहे, आणि त्यानं काही आठवड्यांत उरलेला ताबाही जातो. मला स्वतःला कुठल्याही सेंटरबद्दल एकच गोष्ट विचारायची मुभा दिली, तर मी संडासला नेण्याबद्दलच विचारेन.

बाकी खुणा शरीरावर असतात आणि त्या बघायला डॉक्टर लागत नाही. माकडहाड, खुबे आणि टाचा भेटीच्या वेळी स्वतः बघाव्यात. लालसर डाग दिसला तर बोटानं दाबून सोडावं. लाली क्षणभर फिकी पडून परत आली तर बरं, तशीच राहिली तर जखमेची सुरुवात झालेली असते. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथं हात लावून आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागतंय का ते बघावं. चादर ओली आहे का, नखं कापलेली आहेत का, तोंड आतून कोरडं आहे का. पाण्याचा पेला चालणाऱ्या हाताच्या बाजूला आहे का. उजवा हात गेलेल्या माणसाच्या उजवीकडं पेला ठेवलेला असेल तर तो तिथं नसल्यासारखाच. बेल दाबून घड्याळ बघावं.

महाराष्ट्रात घरबसल्या तुलना करता येईल अशी ताऱ्यांची यादी नाही. १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणीचा राज्याचा कायदा आहे. २०२१ च्या सुधारित नियमांत रुग्णांच्या हक्कांची सनद आली. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाच्या केंद्रीय कायद्यात वृद्धाश्रमांबद्दल तरतुदी आहेत. वैद्यकीय काळजी देणारं सेंटर यांपैकी कशाखाली नोंदलेलं आहे, हे नोंदणीचा कागद मागून बघावं. तसंच रात्री डॉक्टर असतात की फोनवर, जवळचं अतिदक्षता असलेलं रुग्णालय कोणतं, आणि माणूस महिन्याच्या मधेच घरी नेला तर डिपॉझिटचं काय, हे लेखी घ्यावं. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन तक्रारीच्या वेळी उपयोगी पडते.

अमेरिकेत १९८७ च्या कायद्यानं कुटुंबीयांना आपापसात मंडळ करून संस्थेतच बैठक घ्यायचा हक्क दिला आहे. आपल्याकडं असा कागदावरचा हक्क नसला तरी एकाच मजल्यावरच्या दहा घरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एकत्र यायला कुणाची परवानगी लागत नाही. कुणीतरी मंगळवारी जातं, कुणी शनिवारी रात्री. जाणाऱ्यानं सगळ्यांच्याच खाटांवर नजर टाकावी, शेजारच्या आजींनाही पाणी विचारावं. परदेशातल्या मुलांना तर यासारखा आधार नाही, कारण सेंटरकडून येणारे फोटो सेंटरनं निवडलेले असतात.

आपली स्वतःची एक वही ठेवावी. त्वचा, औषधं, बार्थेलचे गुण, दिवसात खुर्चीत किती वेळ बसवलं, आणि वजन. महिन्यात ५ टक्के किंवा सहा महिन्यांत १० टक्के वजन नकळत घटलं तर ती धोक्याची खूण मानतात. साठ किलोच्या माणसात महिन्याला तीन किलो. फायलीत ‘वजन स्थिर’ असं लिहिलेलं असू शकतं. त्यावर न थांबता वजन आपल्यासमोर करून घ्यावं, आणि दर वेळी त्याच काट्यावर.